बंदूक दाखवायला चांद्याला

बा रावणाच्या पायाशी उताणा पडला होता. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं जागेवर नव्हती आणि मानेच्या डाव्या बाजूनं रक्त येत होतं. उसळून येत नव्हतं, पण थांबतही नव्हतं. बंदुकीच्या दारूचा धूर दगडांच्या मधे अडकून राहिला होता. त्या धुरात नागपूरचा एक चष्मेवाला साहेब आमची बंदूक छातीशी धरून उभा होता, आणि समोर दहा-बारा पावलांवर त्याची बायको, निळ्या साडीत, गळ्यात कॅमेरा. दोघंही हलत नव्हते. माय तेवढी हलली. तिनं पदर फाडायला ओढला, तो फाटेना, लुगडं नवं होतं, मग तसाच गोळा करून बाच्या मानेवर दाबला. मी उभी होते. माझ्या हातात पत्र्याची एक लहान डबी होती, झाकण उघडं. बानं डोळे फिरवून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "गिरजे, डबी इकडं दे." मी दिली. त्यानं डाव्या हातानं ती आपल्या खिशात घातली आणि डोळे मिटले. मी अकरा वर्षांची होते. मला वाटलं, मेला.

कोणी धावत आलं नाही. लालपेठ म्हणजे कोळशाच्या खाणींचा भाग. कधी भोंगा, कधी सुरुंग, तिथल्या लोकांचे कान मेलेले. पलीकडं एक म्हातारा शेळ्या चारत होता. त्यानं मानही वर केली नाही.

ज्याला रावण म्हणते तो रावण नाही, ती देवी आहे, असं शिकलेले लोक सांगतात. चंद्रपूरच्या लालपेठेत उघड्या रानात जुन्या काळच्या दगडी मूर्ती पडून आहेत, एकेका दगडातून काढलेल्या, हत्तीएवढ्या. त्यातल्या सगळ्यात मोठीला खूप तोंडं आहेत, म्हणून आम्ही रावण म्हणायचो. चंद्रपूरलाही आम्ही चांदाच म्हणायचो. परवा गेले तेव्हा तिथं कुंपण होतं, पाटी होती, आणि पोरंपोरी मूर्तीला पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होती. आमच्या वेळी काहीच नव्हतं. गवत होतं.

आता बंदुकीचं सांगते. आमच्या घरी भरमार बंदूक होती. आजाची होती, त्याच्या मागं बाच्या नावावर झाली. लायसन पिकाच्या राखणीचं. आमचं गाव मूल तालुक्याच्या अंगाला, धानाच्या बांधापासून जंगल सुरू. धान लोंबीवर आलं की रानडुकरं यायची आणि बा मचाणावर जागलीला जायचा. ही बंदूक तोंडाकडून भरायची. नळीत आधी दारू ओतायची, तीवर चिंध्यांचा गोळा, मग छर्रे, परत गोळा, आणि लोखंडी गजानं ठासायचं. मग घोड्याखाली एक बारीक नळकांडं असतं, त्यावर तांब्याची टोपी बसवायची, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो, टोपी फुटते आणि तिची ठिणगी आतल्या दारूला लागते. टोपी नसेल तर भरलेली बंदूकही काही करत नाही. आत दारू नसेल तर टोपी नुसती फट्‌ करून फुटते, फटाक्यासारखी. पोळ्याच्या दिवशी बा मला रिकाम्या बंदुकीवर एक टोपी फोडू द्यायचा. माझी वर्षाची चैन ती.

या बंदुकीची खोड अशी, की एकदा भरली की सहजासहजी रिकामी होत नाही. उडवूनच रिकामी करायची. आणि उडवली तर दारू गेली, छर्रे गेले. ते मोजून मिळायचे. म्हणून डुक्कर आलं नाही तर बा टोपी काढून ठेवायचा आणि बंदूक भरलेलीच खुंटीवर टांगायचा. भरलेली आहे याची खूण म्हणून नळीच्या तोंडात लाल चिंधी खुपसायची. मायच्या जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी होती ती. "चिंधी हाय तं भरली हाय. चिंधी नाई तं लाकूड हाय." मला बाराखडीच्या आधी हे पाठ होतं.

वर्षातून एकदा बंदूक चांद्याच्या कचेरीत नेऊन दाखवावी लागे, तेव्हा लायसनावर शिक्का पडे. आमच्या घरची सहल तीच. लोक जत्रेला जातात, आम्ही बंदूक दाखवायला जायचो, आणि दाखवून झाली की बा आम्हाला गाव दाखवायचा. किल्ल्याची भिंत, जटपुरा गेट, गोंड राजांच्या समाध्या, महाकालीचं देऊळ. सगळीकडं बंदूक खांद्यावर. माय दर वर्षी म्हणायची, "चादरीत गुंडाळून घ्या ना. लोकं पाह्यतेत." आणि बा दर वर्षी तेच उत्तर द्यायचा, "गुंडाळली तं चोराची वाटते. उघडी नेली तं मालकाची." त्याचं खरंच होतं. मला आठवतं त्या सगळ्या वर्षांत आम्हाला कोणी हटकलं नाही. शिपाई समोरून आला तर बा स्वतःहून खिशातला कागद वर करून दाखवायचा, आणि शिपाई हात हलवून पुढं जायचा.

एसटीत कंडक्टर ठरलेला असल्यासारखा मस्करी करायचा. "काका, बंदुकीचं तिकीट काढा."

"मांडीवर हाय ना. मांडीवरच्याले तिकीट नसते."

"मांडीवरचं लय लांब हाय पण."

"बापावर गेलं," बा म्हणायचा.

महाकालीच्या दारात पुजारी म्हणायचा, "अगा, हे बाहेर ठेव." बा म्हणायचा, "चप्पल ठेवली ना बाहेर. चप्पल गेली तं दुसरी घेईन, हे गेली तं मी जाईन." मग पुजारी कंटाळून बाला कुंकू लावायचा, मला लावायचा आणि बंदुकीच्या लाकडी दस्त्यालाही एक बोट ओढायचा. परतीच्या एसटीत ते कुंकू बाच्या धोतराला लागायचं आणि माय घरी येईपर्यंत त्यावरून बोलायची. मागल्या साली नातवानं मला ताडोबाला नेलं. गेटवर एका पोरीनं त्याचा मोबाइल काढून घेतला आणि माझ्या पिशवीतला अडकित्ताही बाहेर काढून पाहिला. मी तिला म्हटलं, पोरी, मी बंदुकीसोबत देवी पाहिली आहे. ती हसली. तिला वाटलं म्हातारी चळली.

त्या वर्षी जायच्या आदल्या दिवशी मायनं धुणं काढलं. चांद्याला जायचं म्हणजे सगळं स्वच्छ पाहिजे, कचेरीतल्या साहेबापुढं उभं राहायचं. तिनं बाचं धोतर धुतलं, माझा झगा धुतला, आणि बंदूक खुंटीवरून काढून चिंचेनं पितळी पट्ट्या घासल्या, जशी गडवे घासायची. दस्त्याला जवसाचं तेल लावलं. नळीच्या तोंडातली चिंधी काळी पडली होती, दारूचा वास मारत होती. ती तिनं ओढून काढली आणि धुण्यात टाकली. मी पाहिलं नाही. मी तेव्हा चुलीपाशी बसून लाखोळीची डाळ वाटत होते. वडे त्याच डाळीचे. दुसऱ्या दिवशीच्या शिदोरीला तांदळाच्या भाकरी, वडे आणि सुकलेल्या झिंग्यांची चटणी. त्या चटणीच्या वासाला एसटीतले लोक खिडक्या उघडायचे. सकाळी मी बंदूक पाहिली ती लखलखीत, चिंधीशिवाय. मला वाटलं, बानं उडवून रिकामी केली. बानं पाहिलं आणि त्याला वाटलं, बायकोनं साहेबाला बरं दिसावं म्हणून चिंधी काढली. ती भरलेली आहे हे त्याला ठाऊकच होतं. आपल्याला ठाऊक आहे म्हणजे घराला ठाऊक आहे, असं तो धरून चालायचा. सगळेच घरधनी चालतात.

कचेरीत कारकुनानं बंदूक टेबलावर आडवी ठेवून नळीवरचा नंबर वाचला. "यंदा काय मारलं?"

"आवाज मारला साहेब. डुकरं पळाले."

कारकून हसला आणि शिक्का मारला. तो मारत असताना नळीचं तोंड बाकावर बसलेल्या सात-आठ माणसांकडं होतं. मी त्यातल्याच एका बाईशेजारी बसून पाय हलवत होते. टोप्यांची डबी असलेली थैली माझ्या मांडीवर होती. थैली सांभाळणं हे माझं काम.

महाकाली झाली, भिंत झाली. लालपेठेत पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि खाणीचा भोंगा वाजला. मायनं एका दगडी हत्तीच्या सावलीत शिदोरी सोडली. तेवढ्यात एक भाड्याची जीप येऊन थांबली आणि त्यातून ते दोघं उतरले. नवं लग्न झालेलं असावं, कारण साहेब तिच्या हातातली पाण्याची बाटलीसुद्धा आपण धरत होता. मूर्ती पाहायच्या सोडून तो माझ्या बाच्याकडं पाहत राहिला. धोतर, मिशा, खांद्यावर पितळी पट्ट्यांची बंदूक. त्याला वाटलं असेल, ही पण इथलीच मूर्ती.

"बंदूक खरी आहे का हो?" त्यानं विचारलं.

"नाई तं का लाकडाची?" बा म्हणाला.

"मी हातात घेऊन एक फोटो काढू का? तुमचाही काढू. गावचा पत्ता द्या, टपालानं पाठवतो."

आमच्या घरात तोवर कोणाचाच फोटो नव्हता. आजा मेला तेव्हा त्याचा चेहरा त्याच्यासोबतच गेला. बानं मायकडं पाहिलं. माय म्हणाली, "देऊ नका वो, लायसन तुमच्या नावाचं हाय." पण म्हणता म्हणता तिनं आपला पदरही नीट केला. बानं बंदूक काढून दिली. टोपी लावलेली नव्हती, तेव्हा त्याच्या हिशेबानं धोका नव्हता. आधी बाईनं आम्हा तिघांचा फोटो काढला, साहेबाला बंदूक घेऊन एका कडेला उभा करून. मग साहेबाचा एकट्याचा काढायचं ठरलं, रावणाच्या पायावर एक पाय ठेवून.

तेव्हाच त्या म्हाताऱ्याची एक शेळी आमच्या भाकरीत तोंड घालायला आली. माय ओरडली आणि बा तिकडं वळला. एवढंच. शेळी नसती तर ही गोष्ट नसती.

"हा घोडा वर कसा करतात ग?" साहेबानं मला विचारलं.

मी अंगठ्यानं घोडा मागं ओढून दाखवला. मला सगळं येत होतं आणि विचारणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं. त्यानं चाप ओढला. टक्‌.

"बस, एवढंच? काही मजा नाही," तो म्हणाला आणि बायकोला हाक मारली, "अगं, तू तयार राहा, मी तुझ्यावर नेम धरतो. मस्त येईल."

"नको हो, असलं काही," ती म्हणाली, पण हसत होती आणि डोळा कॅमेऱ्याला लावलेला होता.

मी म्हटलं, "थांबा, वाजवून दाखवतो." आमच्याकडं पोरीही तसंच बोलतात. मी थैलीतून डबी काढली, एक टोपी घेतली आणि घोड्याखाली बसवली. नळीत चिंधी नव्हती. चिंधी नाही तर लाकूड. माझ्या मनात शंका आली नाही, आली असती तर लिहिलं असतं. साहेबानं घोडा ओढला आणि बंदूक खांद्याला लावली.

बा शेळी हाकलून वळला तेव्हा त्याला माझ्या हातातली उघडी डबी दिसली. तो ओरडला, "भरली हाय!" आणि धावला. तो धावू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यानं उजव्या हातानं नळीचं तोंड धरून वर ढकललं, आणि त्याच दचक्यात साहेबाचं बोट चापावर दाबलं गेलं. बाईच्या डोक्यावरून बरेच छर्रे पलीकडच्या एका मूर्तीवर जाऊन लागले. बाकीचे बाच्या हातात गेले, आणि दोन मानेत.

पुढचं काम बाईनं केलं. साहेब पुतळा झाला होता. तिनं त्याच्या हातातली बंदूक काढून गवतावर ठेवली आणि ड्रायव्हरला हाक मारली. "गाडी इथवर आणा, दगडापर्यंत आणा." बाला तिघांनी उचलून मागच्या सीटवर घातलं. माय मानेवरचा हात काढायला तयार नव्हती, ती तशीच वाकडी होऊन जीपमध्ये चढली. शिदोरी तिथंच राहिली. ती शेळीनं खाल्ली असणार.

सरकारी दवाखान्यात बाला आत नेलं. मानेतला एक छर्रा नको त्या जागी आहे, हात लावल्याशिवाय सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाला. आत नेण्याआधी एक हवालदार आला, जाडा, बिचारा धापा टाकत. त्यानं बाला विचारलं, "कोणाच्या हातून सुटली?"

"माझ्या."

"नळीचं तोंड तुझ्या हातात अन् चापही तुझ्याच हातात? केवढा लांब हात हाय बे तुझा?"

बा पांढरा पडला होता, तरी त्याचं डोकं चाललं. "गजानं दारू काढून राह्यलो होतो साहेब. हिसक्यानं घोडा पडला."

"अन् टोपी? टोपी लावून दारू काढतेत का?"

"चुकलं," बा म्हणाला. "टोपी मीच लावली. डबी माह्या खिशात हाय, पाहा."

हवालदारानं डबी काढून पाहिली. मग तो बाईकडं वळला. "बाई, तुम्ही तिथी होत्या. तुम्ही सांगा." साहेब भिंतीला टेकून उभा होता. त्याची सरकारी नोकरी होती हे मला नंतर कळलं. बाईनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, चांगलं निरखून. तिनं कॅमेऱ्यातून माझा हात पाहिला होता, टोपी पाहिली होती, सगळं पाहिलं होतं. ती म्हणाली, "मी कॅमेऱ्यातून बघत होते. त्यात सगळं लहान दिसतं. मला नीट दिसलं नाही." लोकांना ही गोष्ट सांगितली की ते म्हणतात, बाईचं मन किती मोठं. मला तसं वाटत नाही. ती नवऱ्यासाठी खोटं बोलली. मी त्यात फुकट वाचले. पण वाचले हे खरं.

लायसन गेलं. सकाळच्या शिक्क्याची शाई वाळली असेल तेवढ्यात गेलं. भरलेली बंदूक लोकांच्या जागी आणली, एवढं कारण पुरलं, आणि बंदूक जमा झाली ती झालीच.

माय आणि मी दवाखान्याच्या व्हरांड्यात राहिलो. चौथ्या दिवशी बाला ताप चढला आणि हात मनगटापर्यंत काळा पडू लागला. माय एकदा म्हणाली, "गिरजे, तुले माहीत नव्हतं का भरली हाय म्हणून?" मी म्हटलं, "चिंधी नव्हती." त्या दिवशी तिनं कोणीतरी दिलेला भातही खाल्ला नाही.

नवव्या दिवशी आम्ही दोघी तांदूळ आणि कपडे आणायला गावी गेलो. बा अजून तापात होता. अंगण झाडलेलं नव्हतं, कोंबड्या शेजारणीनं कोंडून ठेवल्या होत्या. ओट्याशेजारच्या दोरीवर त्या दिवशीचं धुणं तसंच होतं, एक जुनी चादर, माझी चड्डी आणि मधे ती लाल चिंधी. स्वच्छ निघाली होती. मायनं चादर काढली, घडी केली. चड्डी काढली, घडी केली. चिंधी काढून ती आत गेली, चूल पेटवली आणि तीच आधी आत घातली. कोरडी होती, लगेच धरली. मग तिनं भाताला पाणी ठेवलं. चिंधीबद्दल ती मरेपर्यंत बोलली नाही, मीही नाही. बा म्हातारपणी एकदाच म्हणाला, जेवताना, डाव्या हातानं भात कालवत, "मी सांगाले पायजे होतं." आम्ही दोघींनी ऐकलं आणि माय त्याला वरण वाढायला उठली.

त्या साली डुकरांनी बांधापासून निम्मं धान झोपवलं. मी आणि माय डबे वाजवत राहिलो. डुकरं डब्याला भीत नाहीत. पुढच्या वर्षी आम्ही चांद्याला गेलो नाही, कारण दाखवायला काही नव्हतं. देऊळ, भिंत, समाध्या मी परत पाहिल्या त्या लग्नानंतर.

संक्रांतीच्या सुमारास टपालानं एक पाकीट आलं. आत एकच फोटो होता, चिठ्ठी नव्हती. त्यात माय पदर सारखा करते आहे, मी थैली धरून आहे, बाजूला साहेबाचा अर्धा खांदा आणि नळीचं तोंड दिसतं, कशानंही न बुजवलेलं. बानं उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला आहे आणि त्याची पाचही बोटं मोजता येतात. साहेबानं माझ्या शेजारी बंदूक धरलेला दुसरा फोटो निघाला होता की नाही, आणि निघाला असेल तर तिनं त्याचं काय केलं, ते मला ठाऊक नाही.

बा मला लग्न लावून सासरी धाडून, दोन नातवंडं खेळवून, पुष्कळ वर्षांनी साध्या खोकल्यानं गेला. माय त्याच्या मागून. नागपूरचे ते दोघं कुठं गेले मला माहीत नाही, पण त्या दिवशी ते आपल्या पायांनी जीपमध्ये बसून गेले. रावणापाशी आम्ही पाच माणसं होतो. पाचही जगलो.